टाकीमागचा क्लास

क्लासच्या पहिल्याच दिवशी आजोबा आणि नात क्लासला पोचलेच नाहीत.

घरून निघाले होते अगदी शिस्तीत. नातीच्या पाठीवर दप्तर, आजोबांच्या पायात नवे कोरे बूट. बूट सुनेनं आणले होते. "क्लास माझा आणि बूट आजोबांना?" असं नातीनं विचारलंही. "सोडायला कोण जाणार?" म्हणून आईनं तिला गप्प केलं.

क्लास होता व्यक्तिमत्त्व विकासाचा. म्हणजे नक्की कशाचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सुट्टी लागली की पोरांना कुठेतरी अडकवायचं असतं. जागा पाण्याच्या टाकीमागे. तिकडे बस जात नाही, रिक्षा मिळत नाही, चालतच जा, असं सुनेनं तीनतीनदा बजावलं होतं.

कोपऱ्यावर उजवीकडे वळायचं. तेवढ्यात घंटा घणघणत आगीचा बंब समोरून गेला, नातीनं आजोबांचा हात ओढला आणि दोघं वळले डावीकडे. विचारत विचारत थेट फायर ब्रिगेडच्या आवारात. टाकीपेक्षा दुप्पट लांब, पण त्याचं भान कुणाला होतं! जवान उंच शिडीवर चढायचा सराव करत होते. त्यांच्या मिशाळ मुख्यानं आपलं हेल्मेट नातीच्या डोक्यावर ठेवलं, ते पार हनुवटीपर्यंत आलं. आतून खिदळण्याचा आवाज येत राहिला. मग कसला क्लास न कसलं काय!

"आईला काय सांगायचं?" परतताना नातीनं विचारलं.

"ते माझ्यावर सोड."

या बाबतीत आजोबांचा हात धरणारा कुणी नव्हता. लहानपणी आपण महिनाभर शाळा कशी बुडवली आणि रोज वेळेवर घरी येऊन गृहपाठही कसा करायचो, ही गोष्ट त्यांनी जेवताना इतक्यांदा सांगितली होती की सुनेला ती तोंडपाठ होती.

संध्याकाळी सून औषधांच्या दुकानातल्या नोकरीवरून परतली. आल्या आल्या विचारलं, "कसा झाला क्लास, बाबा?"

"फर्स्ट क्लास! आज आत्मविश्वास झाला."

"पूर्ण?"

"थोडा राहिलाय. उद्या घेणार आहेत."

"चालतच गेलात ना?"

"म्हणजे काय!"

पुढे रोज हेच. नात तर थापांमध्ये आजोबांच्याही पुढे गेली. तिनं सरांना आधी टक्कल दिलं, मग दम्याचा त्रास दिला, मग त्यांची सायकल चोरीला घालवली. सून भाजी चिरता चिरता "अरेरे, बिचारे सर" म्हणायची. किती भाबडी बाई, असं आजोबांना वाटायचं आणि स्वतःचीच लाज वाटायची.

लाजेपेक्षा भीती जास्त होती. एरवी शाळा आणि शिकवणी यांतून नात त्यांच्या वाट्याला यायचीच नाही. या सुट्टीत ती पहिल्यांदा त्यांची झाली होती. रस्ताभर बडबडायची, ते दमले की त्यांच्यासाठी बसायला कट्टा शोधायची. हे उघडकीला आलं की सून तिला पुन्हा त्यांच्या हाती देणार नाही, हे उघड होतं. वर त्यांना शेजारच्या निवृत्त फौजदाराच्या ताब्यात देईल. तो रोज सकाळी हाका मारत फिरायला न्यायला टपलेलाच होता. "जन्मभर घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडलो, आता माझे पाय टेबलावर," असं त्याला आणि साखरेसाठी चाला म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही आजोबांनी तोंडावर सांगितलं होतं.

काळजीनं माणूस खंगतो म्हणतात, ते खरंच असावं. आजोबांना पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

सुट्टी संपायला आली तेव्हा एकदा जेवताना सून म्हणाली, "उद्या मी येते तुमच्याबरोबर. सरांना भेटायचंय."

आजोबांनी आमटी समजून भातावर पाणी ओतलं. नातीनं गुपचूप त्यांचं ताट बदललं.

सकाळी तिघं निघाले. कोपऱ्यावर आजोबांचे पाय सवयीनं डावीकडे वळले, ते त्यांनी कसेबसे उजवीकडे वळवले. टाकी आली. टाकीमागे मोकळं मैदान होतं. गवत, आणि गवतात एक शेळी.

"आज बंद दिसतोय," आजोबा म्हणाले.

"इमारतीसकट?"

"पाडली वाटतं," नात म्हणाली. "सर म्हणतच होते, भिंतीला ओल आलीय म्हणून."

ती इतक्या ठामपणे बोलली की क्षणभर आजोबांनाही पटलं. मग मात्र त्यांचा धीर सुटला.

"सूनबाई, पोरीचा काही दोष नाही. आम्ही क्लासला एक दिवससुद्धा गेलो नाही. फायर ब्रिगेड बघायला जायचो. मला काय हवं ते बोल, पण हिला माझ्याबरोबर पाठवायचं बंद करू नकोस गं."

"चला," सून म्हणाली आणि त्यांना पलीकडच्या गल्लीत डॉक्टरांकडे घेऊन गेली. आता माझी साखर तपासून ही काय करणार, आजोबांना कळेना. पण चोराला कुठलं तोंड! त्यांनी मुकाट्यानं बोट पुढे केलं.

डॉक्टरांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. वजन केलं. मग आजोबांनी काढून ठेवलेला एक बूट उलटा केला आणि त्याचा झिजून गुळगुळीत झालेला तळ बराच वेळ कौतुकानं न्याहाळला.

"वहिनी, तुमचा क्लास भलताच मानवला की यांना! पण मला सांगा, हे दोघं पहिल्याच दिवशी खरोखर टाकीमागे जाऊन उभे राहिले असते तर?"

"बाबा? आणि क्लासला?" सून म्हणाली. "डॉक्टर, मी माणूस बघूनच क्लास काढला होता."