अभाग्यांची फळी

"मी नव्हे रे बाबा ती. खिडकी चुकलास तू," असं म्हणत उस्तिन्यानं तव्यावरचं धिरडं उलटलं.

"खिडकी कशी चुकेन, मावशी?" तेरेंती टोपी हातात धरून दारातच उभा होता. "निळी झडपं, खाली फळी, फळीच्या टोकाला कोरलेला कोंबडा. डोळे मिटले तरी दिसतो मला तो कोंबडा."

त्याच्या मागं त्याची बायको आक्सिन्या उभी होती. तिच्या शालीत दोन आठवड्यांचं पोर होतं, पण रडण्याचा आवाज येत नव्हता.

"बघा बाई हिची तऱ्हा! माणूस इतका बर्फ तुडवत आला आणि ही त्याला उंबऱ्यावर ताटकळत ठेवते," शेजारीण अनिस्या करवादली. धिरडी खायला आली होती ती, आणि आता हलणार नव्हती. "या रे, आत या. चहाचा समोवार तापलाय."

गाव सैबेरियाच्या कैद्यांच्या रस्त्यावर होतं. खाणीतून पळालेल्याला तिथं कुणी चोर-खुनी म्हणत नसे, 'अभागी' म्हणत. निजण्याआधी घरोघरी खिडकीबाहेरच्या फळीवर काहीतरी ठेवलं जाई. अभाग्यानं ते उचलावं आणि मुकाट जावं, घरच्यांनी झडप उघडून बघू नये, असा रिवाज होता. बाकीचे शिळंपाकं ठेवत, उस्तिन्या मात्र रोज ताजा, अख्खा पाव ठेवी. त्यासाठी गाव तिला फार मानायचं. आणि ही अशी, की कुणी कौतुकाचा शब्द काढला की उठून जायची. देवळातही दारामागं उभी राहायची. प्रसाद घ्यायला ती कित्येक वर्षांत पुढं गेली नव्हती. केवढी ती नम्रता, असं पाद्र्याची बायको सगळ्यांना सांगायची.

तेरेंतीनं साखरेची ढेप आणि लोकरी शाल बाकावर ठेवली. खाणीतून पळाला असताना याच फळीवरच्या पावानं तो जगला होता. पुढं तो पकडला गेला होता, शिक्षा भोगून सुटला होता, आता पलीकडच्या खोऱ्यात जमीन कसत होता.

"पण मी शाल द्यायला आलो नाही," तो म्हणाला. "पोराची धर्ममाता हो. आज संध्याकाळीच बाप्तिस्मा करू."

"नाही."

"आधीची दोन गेली, मावशी." आक्सिन्या पहिल्यांदाच बोलली. "हेही दूध ओढत नाही नीट. ज्या हातांनी याचा बाप जगवला, त्याच हातांवर याला घालायचं, असं मी बोलले आहे देवाला."

"माझे हात नकोत गं. दुसरी कुणीही बघ."

"दुसरी कुठून आणायची अशी?" अनिस्याला राहवेना. "अरे, हिचा नवरा नझार एका पळपुट्यानंच मारला. भर जंगलात, कुऱ्हाडीनं. तरी त्या हिवाळ्यात हिची फळी एक दिवस रिकामी नव्हती!"

"अनिस्या, गप्प बस."

"का गप्प बसू? खोटं आहे का?"

"फळी सासूबाईंची होती," उस्तिन्या तव्याकडे बघत म्हणाली. "मरताना त्यांचं एकच चाललं होतं. फळी रिकामी ठेवू नकोस, सूनबाई. म्हणून ठेवते."

"बिचारी सासू, पेलागेया!" अनिस्या हळहळली. "त्याच हिवाळ्यात एका पहाटे नदीवरून आली, बाह्या बर्फानं कडक झालेल्या. घरात पाणी भरून ठेवलेलं असताना नदीच्या बर्फातल्या भोकापाशी कशाला कडमडली, देव जाणे. त्या सर्दीतच गेली."

तेरेंतीनं छातीवर क्रूसाची खूण केली. "मीही गेलोच होतो की. संत निकोलाच्या सणाची आदली रात्र. पाय बधिर झालेले, मागं लांडगे."

"म्हणजे नझार गेला तोच हिवाळा. त्या वर्षी लांडग्यांनी उच्छाद मांडला होता," अनिस्या म्हणाली. "घरोघरी विषाच्या पुड्या वाटल्या होत्या."

उस्तिन्याचा हात थांबला. "सणाची आदली रात्र? नक्की?"

"नक्की म्हणजे! पाव काखेत घालून रानात शिरलो, तेव्हा सणाची पहिली घंटा वाजत होती."

"आणि खाल्लास तो?"

"खाल्लास म्हणजे? कणन् कण! बोटं चाटली. अजून जिभेवर आहे ती शहाजिऱ्याची चव. विचार हिला, शहाजिरं नसेल तर मला पाव गोड लागत नाही."

"शहाजिरं? हिच्या पावात?" अनिस्या खो खो हसली. "अरे, वासानंच मळमळतं हिला. शहाजिरं घालायची ती पेलागेया. त्यावरून सासू-सुनेचे पाव वेगळे भाजले जायचे या घरात!"

तव्यावरचं धिरडं जळू लागलं. उस्तिन्यानं ते उतरवलं नाही. ती चुलीवरच्या झोपायच्या माळ्याकडे बघत राहिली. म्हातारी गेल्यापासून तिथं कुणी झोपत नसे.

मग तिनं हात पुसले, तेरेंतीसमोर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"क्षमा कर मला, तेरेंती."

कुणालाच नवल वाटलं नाही. मोठ्या उपासाआधीचा, क्षमा मागायचा रविवार होता. सकाळपासून सगळं गाव एकमेकांच्या पाया पडत हेच म्हणत होतं.

"देव करेल क्षमा, मावशी. मीही केली," तेरेंतीनं रिवाजाप्रमाणं उत्तर दिलं आणि तोही वाकला. "तूही मला कर."

पण ती उठेना. शेवटी आक्सिन्यानं हात धरून तिला उठवलं, तेव्हा तिचा चेहरा आसवांनी भिजला होता आणि ती हसत होती.

"जिवंत आहेस रे," ती म्हणाली. "देवाचे उपकार. सासूबाईंचे उपकार. आण ते पोर इकडे. संध्याकाळी मीच घेते त्याला. त्याआधी पाद्रीबाबांना एकटीनं भेटायचंय मला."

पोराला छातीशी धरून ती खिडकीपाशी गेली आणि कितीतरी वेळ फळीकडे बघत राहिली. नझारला पुरून महिनाही झाला नव्हता, त्या रात्री तिनं स्वतःच्या हातानं त्या फळीवर पाव ठेवला होता. त्यात शहाजिरं नव्हतं. लांडग्यांच्या विषाची अख्खी पुडी होती.