विहिरीत पडलेला चंद्र

डोळे मिटा बरं, आणि असं समजा: रंगमंचावर निळा उजेड आहे, मधोमध पुठ्ठ्याची विहीर आहे आणि तिच्यात पडलेला चंद्र म्हणजे नऊ वर्षांची शाल्मली.

पहिल्या रांगेत नाटककार आजोबा बसले होते. लोकांना रडवण्यात त्यांची हयात गेली. हे त्यांचं एकमेव विनोदी नाटक, अगदी तरुणपणी लिहिलेलं. तेव्हा कुणीच हसलं नाही, म्हणून ते पुन्हा झालंच नाही. आता शाळेतल्या बाईंनी ते मुलांकडून बसवून घेतलं होतं. "कशाला उकरून काढता, बाई?" म्हणत ते कुरकुरतच आले होते. शाल्मलीने मात्र ठरवलं होतं, आज आजोबांना हसवायचंच.

"अरे, काढा मला वर! माझ्यावाचून रात्र खोळंबलीय!" ती ओरडली. सारं नाट्यगृह हसलं. आजोबा मागे वळून त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे स्वप्नात असल्यासारखे बघत राहिले.

गावकरी झालेल्या मुलांचा दोर शाल्मलीने बाजूला सारला. "यांना नाही जमायचं. आजोबा, तुम्हीच या!"

ते वर चढले, वाकले आणि तोल जाऊन विहिरीतच बसले. मग काय, खदाखदा हसत सुटले. शाल्मली सरकली आणि तिने त्यांना शेजारी जागा करून दिली.