मातीचे खुंट

तिसऱ्या खुंटावर इंदूबाईनं वाळल्या गवताची काडी खोचली, वरून धूळ भुरभुरली आणि मान वर केली. तिचा नवरा जानराव मोजणीच्या सरकारी साहेबाला अकोटच्या एसटीवरून घेऊन बांधाबांधानं येत होता.

कालपर्यंत असेच तीन खुंट इथं होते. गेल्या साली पुरानं शिवाराची माती खरवडून नेली, तेव्हा सरकारनं तातडीनं सांगितलं, बांध घाला, अर्धा खर्च आमचा. जानरावनं जोडीतला एक बैल विकून मजूर लावले. मजुरांनी बांधालगत तीन खड्डे खणून माती काढली, पण प्रत्येक खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडला. कामचुकार मेले! साहेब येणार म्हणून काल, जानराव तालुक्याला गेला असताना, इंदूबाईनं अंगण सारवावं तशा हौसेनं तिन्ही खुंट पाडून खड्डे साफसूफ केले.

आज सकाळी विहिरीवर शेजारची दुर्गाबाई म्हणाली, "खुंट हायेत ना वं जाग्यावर? खड्डा किती खोल खणला, ते सायेब त्याच्यावरूनच मोजते. खुंट नाही, तं पैसे नाही."

पैसे नाही तर बैल नाही, आणि मिरगाच्या पेरणीला पंधरा दिवस राहिलेले. इंदूबाई भरली घागर घेऊन तशीच शेतात धावली. आधीचे खुंट तिच्या गुडघ्याएवढे होते, तिला पक्कं ठाऊक होतं. चिखलाचे नवे खुंट तिनं त्याहून बोटभरही जास्त चढवले नाहीत.

साहेबानं खुंटांना फीत लावली, वहीत आकडे लिहिले.

"पलीकडच्या गावात चौघांनी खुंट उंच करून ठेवले होते," तो म्हणाला. "चौघांचेही पैसे रद्द केले. तुमच्या खुंटांना कोणी हात लावला नाही ना?"

"नाही, सायेब!" जानराव हसला. बिचाऱ्याला काय माहीत! "हे पाहा, इच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो. कोनी शिवलं बी नाही."

त्याचा खरबरीत हात तिच्या पदरावर पडला. डोक्यावरची शपथ खोटी निघाली तर ते डोकंच राहत नाही, असं ती माहेरापासून ऐकत आलेली. सांगून टाकावं? पण सांगितलं तर नवरा साहेबापुढं खोटा पडेल.

साहेब वही मिटून वाटेतल्या खड्ड्यात उतरला. जाता जाता त्यानं हातातली काठी खुंटाला टोचली. वरची माती उन्हानं भाजली होती, पण काठी वीतभर आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला ओला काळा चिखल होता.

"सायेब, म्या केले ते! त्याईले ठाऊक नाही!" इंदूबाई ओरडली. "होते तेवढेच केले, सायेब, आईशप्पथ!"

"आणखी एक शपथ?" साहेबानं वहीतल्या आकड्यांवर रेघ मारली आणि तो वाटेला लागला.

जानरावचा हात तिच्या डोक्यावरच होता. आता हा हात उठणार आणि गालावर पडणार, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. पण हात नुसता तिचं डोकं चाचपत राहिला.

"इंदे," तो घाबरून पुटपुटला, "तुले काही होऊन तं नाही राहिलं ना?"