वरची बाजू
माझ्या मुलीची मूत्रपिंडे निकामी झाली, पण तिने ब्रश सोडला नाही. डायलिसिसमुळे प्रदर्शनाचे पहिले दोन दिवस हुकले. तिसऱ्या दिवशी आम्ही दालनात पोहोचलो, तेव्हा तिच्या जिन्याच्या चित्रापुढे बायका डोळे पुसत होत्या. शेजारी फलक होता: ‘मृत्यूशी झुंजणारी चित्रकार’. चित्रात मात्र कठडा पायऱ्यांच्या खाली लोंबत होता. चौकटीमागे मी ठळक ‘वरची बाजू’ लिहिलेले असूनही चित्र उलटे टांगले होते. “अगं, दोन दिवसांत कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही,” संयोजकांनी समजूत घातली. “कशाला मनावर घेतेस?” “कारण सगळे फलकच वाचताहेत!” ती कडाडली. तिने फलक उपटून त्यांच्या हातात कोंबला. “बाबा, ती बाजू धरा.” आम्ही चित्र सरळ केले. मघाशी रडलेल्या एक बाई मैत्रिणीला घेऊन परतल्या. “अहो, त्या आजारी मुलीचं चित्र कुठे गेलं?”