चार लॅपटॉपची ताकद

संस्थेच्या सात विभागांनी आपापले रिकामे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून मोठ्या थाटात ग्रिड उभारलं. ज्याला मोठं गणित सोडवायचंय, त्याच्या पाठीशी सगळ्यांची ताकद उभी राहावी, एवढाच काय तो हेतू. पुलांच्या कंपनांवर प्रबंध लिहिणारी संशोधक आपलं मोठं गणित घेऊन आशेने ग्रिडच्या समितीच्या अध्यक्षांकडे गेली. शुक्रवारपर्यंत प्रबंध दिला नाही, तर तिची चार वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

"थांबा हो जरा मॅडम," अध्यक्ष मायेने म्हणाले. "संसाधन कशाला म्हणायचं आणि सेवा कशाला, याची व्याख्या अजून व्हायचीय."

"पण सर, सगळी मशीनं नुसती बसून आहेत!"

"बसून आहेत हो, पण कुठल्या व्याख्येनुसार बसून आहेत?"

ती तडक घरी आली. सासूबाईंचा, दिराचा, नवऱ्याचा आणि स्वतःचा असे चार लॅपटॉप तिने जेवणाच्या टेबलावर जोडले. "घे गं बाई, माझ्या मालिका काही पळून जात नाहीत," सासूबाई म्हणाल्या. बुधवारी निम्मं गणित सुटलं. उरलेलं निम्मं गुरुवारी सुटणार, हे दिसत होतं. भाबडीने आनंदाच्या भरात अध्यक्षांना तसं कळवूनही टाकलं.

तासाभरात उत्तर आलं:

"हार्दिक अभिनंदन! आपल्या घरचे चारही लॅपटॉप ग्रिडची पहिली अधिकृत संसाधने म्हणून नोंदवण्यात आले आहेत. सेवेची व्याख्या निश्चित होईपर्यंत ते कृपया बंद ठेवावेत."