खुळखुळ

ज्योत्स्नाने व्हिडिओ गेमचा तो जुना कन्सोल उलटा केला आणि आत काहीतरी खुळखुळलं.

"एखादा स्क्रू असेल, ताई," स्वराज म्हणाला आणि कन्सोल परत घ्यायला त्याने हात पुढे केला. ज्योत्स्नाने तो सोडला नाही.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. तिच्या मते जरा जास्तच सुरळीत. वराळ्यातल्या या नव्या सोसायटीत ती कन्सोल बघायला आली, तेव्हापासून ती सांगेल ते हा पोरगा मुकाट्याने करत होता. टीव्हीला जोडून दाखव म्हटलं, दाखवलं. डिस्क घालून काढून दाखव म्हटलं, दाखवली. तुझं खातं माझ्यासमोर पुसून टाक म्हटलं, तेही पुसलं. तळेगावच्या कारखान्यात ती पार्ट तपासायची, तशीच तिने दोन्ही रिमोटची बटणं एकेक दाबून पाहिली. स्वराजने साधं हूं की चूं केलं नाही. तेरा हजार मागणारा माणूस गिऱ्हाइकाचं इतकं ऐकून घेतो, तेव्हा गिऱ्हाइकाने आपली पर्स घट्ट धरावी.

शिवाय बिल नव्हतं. खोकंही नव्हतं. "शिफ्टिंगमध्ये गेलं कुठंतरी," म्हणे. आणि गेल्याच आठवड्यात तळेगाव स्टेशनजवळचा एक बंद फ्लॅट फोडून चोरांनी नेमका असाच कन्सोल नेला होता. ती बातमी गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरत होती.

ज्योत्स्नाकडे बोनसचे बारा हजार होते, आणि ते एकदाच खर्च होणार होते. पवनचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, उजवा हात कंपनीतल्या प्रेस मशीनमध्ये सापडला होता. बोटं वाचली, पण मूठ वळेना. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू त्याने रागाने खिडकीबाहेर भिरकावला. मात्र भाच्याकडे गेला, तेव्हा गेमचा रिमोट हातात घेऊन तासभर खेळत बसला आणि बोटं दुखतात हेच विसरला. मूठ वळली नाही, तर कंपनी त्याला मशीनवरून काढून गेटवर बसवणार होती. कन्सोल चोरीचा निघाला, तर पोलीस तो उचलून नेणार, पैसे बुडणार आणि पवनच्या हाती पुन्हा तो चेंडू.

स्वराजचा फोन वाजला. तो खिडकीकडे वळून हळूच म्हणाला, "हो रे, ती यायच्या आत उरकतो."

"ती कोण?" ज्योत्स्नाने विचारलं.

"कोणी नाही."

आता तिच्या लक्षात आलं, ती आत आल्या आल्या याने दाराला कडी घातली होती. तिने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला.

"उघडून बघते."

"उघडू नका, ताई."

"का?"

"चालतोय ना व्यवस्थित? मग कशाला उघडायचा?"

"आत काय वाजतंय ते न बघता मी तेरा सोड, तेराशेसुद्धा देणार नाही," म्हणत ती उठली. स्वराजच्या कपाळावर घाम आला होता. पंखा तर डोक्यावरच फिरत होता.

एवढ्यात बेल वाजली. पोरगा पांढराफटक पडला. बेल पुन्हा वाजली, मग दारावर थापा पडल्या.

"आरं, कडी का घातलीस दिवसाढवळ्या?"

त्याने दार उघडलं. भाजीची पिशवी घेऊन एक बाई आत आल्या. स्वराजची आई, विठाबाई. त्यांनी आधी पाहुणीकडे पाहिलं, मग टीपॉयवरच्या कन्सोलकडे.

"ह्यो इकतोय व्हय? मला बोलला न्हाईस ते!" मग ज्योत्स्नाकडे वळून म्हणाल्या, "घ्या बाई, बिनघोर घ्या. लय चांगलं हाय. दोन दसरं झालं, पूजा करतीय मी त्याची."

"आई, गप्प बस ना!"

"का गप्प बसू? वडिवळ्याला आमी नांगर पुजायचो, विळा पुजायचो. हितं फ्लॅटमदी काय पुजू, टाइल्स? तवा मिक्सर पुजते, ह्याची गाडी पुजते, आन् रातंदिस ह्यो ज्याच्याम्होरं बसतो, त्ये पुजते. हळद, कुकू, चांगल्या मूठभर अक्षता. घरच्या तांदळाच्या!"

स्वराज मटकन सोफ्यावर बसला. "ऐकलंत? सगळं कन्सोलच्या फटींतून आत गेलंय. म्हणून ही यायच्या आत सौदा उरकत होतो. हिला बोलायला लागलं की थांबता येत नाही." त्याने मान खाली घातली. "बारा द्या, ताई. नाहीतर राहू द्या."

ज्योत्स्ना पुन्हा खाली बसली. चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि कन्सोल वर्तमानपत्रावर हलकेच आपटला. तांदळाचे काही दाणे खाली पडले, कुंकवाने लाल झालेले. कन्सोलच्या आतल्या छोट्या पंख्याच्या पात्यांवर हळदीचा पिवळसर थर होता. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या मशीनच्या फटींतून अशाच अक्षता हवेच्या पाइपने उडवायचं काम दरवर्षी तिच्याच वाट्याला यायचं. हे साफ व्हायला दहा मिनिटंसुद्धा लागणार नव्हती.

ते ती बोलली नाही. तिने बारा हजार मोजून टीपॉयवर ठेवले.

"बिल शोधून ठेवतो, ताई," स्वराज ओशाळून म्हणाला. "सापडलं की फोन करतो."

"नको शोधू."

गेल्या आठवड्यात चोरलेल्या मालाची दोन दसरे पूजा झालेली नसते. ज्योत्स्नाने वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, ते लाल दाणे त्यात नीट गोळा केले आणि पुडी बांधून पर्समध्ये, पैशांच्या रिकाम्या झालेल्या कप्प्यात, जपून ठेवली.

"बिल मिळालं मला," ती म्हणाली.