दोन ओळी

कोलंबियातल्या मानिसालेसच्या कॉफी कंपनीत मोठे साहेब डॉन एव्हेरार्दोंनी नवा नियम काढला होता: मेल दोनच ओळींत लिहायची, नमस्कार-चमत्कार नकोत. साचलेल्या मेल भराभर उरकू लागल्या आणि साहेबांची कॉलर ताठ झाली. त्या दिवशी तर त्यांनी जेवणाआधीच सगळ्यांना उत्तरं देऊन टाकली.

"बघ नुबिया, एकही शिल्लक नाही!" ते सेक्रेटरीला म्हणाले. "आता आमच्या लिओनिदासला बोलाव. कंपनीतला वीस वर्षांपासूनचा सोबती, पण हल्ली बोलणंच होत नाही. निवांत कॉफी घेतो."



"साहेब, त्यांची बायको पहाटे गेली."

"काय सांगतेस! मला कुणी कळवलं कसं नाही?"

"त्यांनीच कळवलं होतं, दोन ओळींत. तुम्ही लगेच उत्तरही दिलंत: 'ठीक आहे. काम कोण बघणार?'"